क्वीन एलिझाबेथ्स स्कूल, बार्नेट : साडेचारशे वर्षांची पाटी आणि तीस वर्षांची कमाई

लंडनच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी घरांत मुलगा इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांचा असताना, गेला की ‘क्यूई’चे नाव निघू लागते. वाढदिवसाच्या पार्टीत, गणपतीच्या आरतीनंतर, क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला, कुठेही चार पालक जमले की त्यांतला एक तरी ‘क्यूईचं बघताय ना?’ असे विचारतोच. क्यूई म्हणजे बार्नेट येथील क्वीन एलिझाबेथ्स स्कूल. ही केवळ मुलग्यांची सरकारी ग्रामर शाळा, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडणारी शाळा आहे, तिला फी नाही, आणि निकालांच्या यादीत ती वर्षानुवर्षे देशातील पहिल्या काही शाळांत असते. या शाळेविषयी आपल्या मंडळींत जे बोलले जाते त्यात आदर पुष्कळ असतो आणि माहिती बेताची असते. विशेषतः ‘साडेचारशे वर्षांची परंपरा’ हे शब्द इतक्या सहज उच्चारले जातात की आजच्या यशाचा आणि त्या परंपरेचा नेमका संबंध किती, हे कोणी तपासत नाही. शाळेची खुली संध्याकाळ (पालकांना शाळा दाखवण्याचा कार्यक्रम) पाहून, तिचा इतिहास वाचून आणि तिथे मुले असलेल्या कुटुंबांशी बोलून माझे जे मत झाले ते येथे मांडत आहे.

हाय बार्नेट हे लंडनच्या भुयारी रेल्वेतील नॉर्दर्न लाइनचे शेवटचे स्थानक. स्थानकातून बाहेर पडले की चढ लागतो आणि तो संपतो तिथे सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे गावचे चर्च दिसते. चर्चच्या समोर, वुड स्ट्रीटवर, लाल विटांची एक बसकी वास्तू आहे, जिच्या दर्शनी भिंतीच्या कोपऱ्यांना बुरूज आहेत. तिला ट्यूडर हॉल म्हणतात. मूळ शाळा ती हीच. आता ती बार्नेट अँड साउथगेट कॉलेजच्या ताब्यात आहे आणि आजच्या शाळेच्या मुलांचा तिच्याशी रोजचा काही संबंध उरलेला नाही. तरीही क्वीन्स रोडवरच्या आजच्या इमारतीकडे जाण्यापूर्वी पालकांनी पाच मिनिटे या वास्तूसमोर थांबावे, असे मी सुचवेन. तिचा आकार पाहिला की सोळाव्या शतकातील शाळा म्हणजे किती लहान गोष्ट होती, याची कल्पना येते.

१५७३ साली राणी पहिली एलिझाबेथ हिने या शाळेला सनद दिली. राणीच्या खास मर्जीतला सरदार रॉबर्ट डडली, अर्ल ऑफ लेस्टर, याने त्यासाठी शब्द टाकला होता आणि स्थानिक पातळीवर खटपट करणारा माणूस होता एडवर्ड अंडर्न, बार्नेटचा धर्मोपदेशक. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा कितीतरी शाळा निघाल्या. मठ बरखास्त झाल्यावर शिक्षणाची जी जुनी व्यवस्था मोडली होती, तिची जागा भरून काढण्यासाठी व्यापारी, सरदार आणि गावचे प्रतिष्ठित लोक सनदा मिळवून शाळा काढत होते. शिकवायचे म्हणजे प्रामुख्याने लॅटिन, कारण चर्च, न्यायालय आणि विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी त्यावाचून अडत असे. लेस्टर आणि अंडर्न ही दोन्ही नावे आज शाळेतील दोन हाउसना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटांना, दिलेली आहेत, आणि अकरा वर्षांचा मुलगा पहिल्याच आठवड्यात ‘मी अंडर्नमध्ये’ असे सांगू लागतो. नावे जपण्यात इंग्रजांचा हात धरणारे कोणी नाही.

त्यानंतरची तीन शतके मी भराभर ओलांडतो, कारण त्या काळात शाळा छोट्या गावाची छोटी शाळाच राहिली. १८७०च्या दशकात, जुन्या देणग्यांवर चालणाऱ्या शाळांची सरकारने देशभर झाडाझडती घेतली तेव्हा, तिची घडी नव्याने बसली. अभ्यासक्रम लॅटिनपलीकडे गेला, इमारत वाढली आणि जॉन बाँड ली यांच्यासारखा मुख्याध्यापक तिला तीसेक वर्षे लाभला. १९३२ साली शाळा वुड स्ट्रीट सोडून क्वीन्स रोडवरच्या प्रशस्त जागेत आली. (त्याच वर्षी लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. दोन्ही घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही, पण आज डॉलिस हिलच्या मंडळात बसून लोक क्वीन्स रोडच्या प्रवेशपरीक्षेची चर्चा करतात तेव्हा हा योगायोग मला आठवतो.) १९४४च्या शिक्षण कायद्याने सरकारी ग्रामर शाळांतील फी रद्द झाली आणि अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी करण्याची पद्धत रूढ झाली. क्यूई ही तेव्हा हर्टफर्डशायर परगण्यातली ग्रामर शाळा होती. बार्नेट लंडनमध्ये आले ते १९६५ साली.

शाळेच्या परंपरेविषयी बोलणारे लोक जो भाग गाळतात तो यानंतरचा आहे. १९६५ साली मजूर पक्षाच्या सरकारने निवडीची पद्धत मोडून सर्वांना खुल्या, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, शाळा करण्याचा आग्रह धरला आणि १९७१ साली क्यूईसुद्धा अशी खुली शाळा झाली. म्हणजे राणीच्या सनदेची ही शाळा वीस वर्षांहून अधिक काळ प्रवेशपरीक्षा न घेता, परिसरातील मुले घेऊन चालत होती. १९८४ साली एमन हॅरिस मुख्याध्यापक झाले. शिस्त आणि अभ्यास या दोन बाबतींत ते कोणाचे ऐकून घेणारे नव्हते आणि आज जी क्यूई आपण पाहतो तिचा खरा संस्थापक कोण असे विचारले, तर डडलीपेक्षा हॅरिस यांचे नाव घ्यावे लागेल. १९८८च्या कायद्याने शाळांना पालकांचे मतदान घेऊन स्थानिक काउन्सिलच्या कारभारातून बाहेर पडण्याची आणि थेट केंद्र सरकारकडून पैसा घेण्याची मुभा दिली. क्यूईने ती १९८९ साली, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, घेतली. पुढे १९९४ साली तिने प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू केली.

ही तारीख महत्त्वाची आहे, कारण ही वाट फार काळ मोकळी राहिली नाही. त्या वेळचे हुजूर पक्षाचे सरकार अशा बदलाला अनुकूल होते. १९९७ साली सत्तांतर झाले आणि १९९८च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढण्यास बंदी घातली. तेव्हा ज्या होत्या त्या राहिल्या. आज साऱ्या इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा आहेत आणि त्यांत क्यूई आहे, ते वेळेवर घेतलेल्या एका निर्णयामुळे. हॅरिस यांनी आणि विश्वस्तांनी चार-पाच वर्षे टाळाटाळ केली असती, तर ही आज बरी म्हणावी अशी एक खुली शाळा असती आणि आपण तिच्याविषयी लिहीत-वाचत बसलो नसतो. हॅरिस १९९९ साली निवृत्त झाले. त्यांच्यानंतर जॉन मॅरिन्कोविट्झ आणि २०११पासून नील एनराइट अशा दोघांनीच हा कारभार पुढे नेला. चाळीस वर्षांत तीन मुख्याध्यापक, ही गोष्ट मला निकालाच्या टक्केवारीइतकीच बोलकी वाटते. मुख्याध्यापक वारंवार बदलले की शाळेचे काय होते, हे लंडनमधल्या पालकांना वेगळे सांगायला नको.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत सध्या सर्वाधिक घेतले जाणारे नाव डेमिस हसाबिस यांचे आहे. डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेतील कंपनी त्यांनी सहकाऱ्यांसह काढली आणि प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीसाठी त्यांना २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा उल्लेख आपल्या गटांतही ‘क्यूईचा मुलगा’ म्हणून अभिमानाने होतो आणि तो खोटा नाही. पण ते येथे शिकले १९८८ ते १९९० या काळात, म्हणजे शाळा सर्वांना खुली असताना, आणि त्यानंतर काही काळ घरी शिकून पुढचे शालेय शिक्षण त्यांनी फिंचलीच्या क्राइस्ट्स कॉलेज या दुसऱ्या खुल्या शाळेत पूर्ण केले. ग्रामर शाळांच्या बाजूने बोलताना हे उदाहरण पुढे करणाऱ्याने जरा जपून बोलावे.

आता निकालांकडे वळू. ए-लेव्हलच्या, म्हणजे अठराव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेच्या, एकूण उत्तरपत्रिकांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक उत्तरपत्रिकांना ए-स्टार ते बी या श्रेणी मिळवण्याचा पायंडा शाळेने २००६पासून वर्षानुवर्षे चालवला आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला दरवर्षी तीस-चाळीस, कधी त्याहून अधिक मुले जातात. वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र या शाखांकडे ओढा जास्त आहे, जो आपल्या लोकांना अजिबात परका वाटणार नाही. फी न घेणारी शाळा हे करून दाखवते याचे कौतुक मनापासून करावे असेच आहे. जवळच्या एल्सट्री येथील हॅबरडॅशर्स या नामवंत खासगी शाळेची वर्षाची फी वीस हजार पौंडांच्या वर जाते आणि जानेवारी २०२५पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅटही लागू झाला आहे. सात वर्षांचा हिशेब मांडला तर क्यूईतील एक जागा म्हणजे एका घराच्या कर्जाचा मोठा हप्ता वाचवणारी गोष्ट आहे, आणि पालकांच्या धावपळीमागे हा हिशेबही असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि या निकालाचे श्रेय एकट्या शाळेला देणे मला पटत नाही. वर्षाला पूर्वी १८० आणि आता १९२ जागा, त्यांसाठी तीन हजारांहून अधिक अर्ज. शाळेला प्रवेशासाठी हद्द नाही, म्हणजे हॅरोचा, हेंडनचा, वॉटफर्डचा, कुठलाही मुलगा परीक्षा देऊ शकतो. गुणांच्या उतरंडीने वरची मुले घेतली जातात. इतक्या मोठ्या चाळणीतून आलेली मुले, त्यांच्यामागे अभ्यासाचे महत्त्व जाणणारी घरे, आणि त्यानंतर शाळा. ही मुले कोणत्याही बऱ्या शाळेत गेली असती तरी बहुतेकांनी उत्तम गुण मिळवलेच असते. नवोदय विद्यालयाच्या निकालाकडे आपण जसे दोन्ही अंगांनी पाहतो तसे येथेही पाहावे. मग शाळेचा स्वतःचा वाटा कोणता, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते त्याचे उत्तर परीक्षेच्या निकालात फारसे सापडत नाही.

ते सापडते ते शाळा सुटल्यानंतरच्या वेळात. येथे ईटन फाइव्ह्ज हा खेळ खेळला जातो. जाड हातमोजे घालून चेंडू हाताने भिंतीवर मारायचा, आणि भिंत सरळ नसून तिला ईटन या प्रसिद्ध खासगी शाळेच्या प्रार्थनामंदिराच्या बाहेरच्या बाजूची नक्कल करणारा दगडी आधार व पायरी असते. त्यामुळे चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम नसतो. हा खेळ जवळपास सगळा महागड्या खासगी शाळांत चालतो. सरकारी शाळेला त्याची कोर्टे असणे दुर्मीळ आणि तिथली मुले या खासगी शाळांच्या संघांशी खेळतात हे आणखी दुर्मीळ. संगीत, वादविवाद, बुद्धिबळ, रोबोटिक्स, पोहणे, रग्बी, क्रिकेट यांचाही व्याप मोठा आहे आणि तो देखाव्यापुरता नाही. खुल्या संध्याकाळी पाहुण्यांना वर्ग दाखवायला मुलेच पुढे असतात. त्यांतल्या बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून आमच्या गटातील आजोबांच्या सगळ्या शंका न अडखळता, नजरेला नजर देऊन निरसल्या. ही सफाई घरून येत नाही, ती घडवावी लागते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना इंग्रजी समाजाच्या वरच्या दालनात वावरताना लागणारा आत्मविश्वास देणे, ही क्यूईची सर्वांत मोठी सेवा आहे, असे मला वाटते.

दरवर्षी जून महिन्यात शाळेचा संस्थापक दिन होतो. सकाळी त्या जुन्या चर्चमध्ये प्रार्थना, मग शाळेच्या इमारतीसमोर हजेरी आणि शाळेच्या इतिहासाचे वाचन, आणि दुपारी स्टेपिल्टन मैदानावर जत्रा. आज विद्यार्थ्यांत दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांतही तमिळ, गुजराती, तेलुगू अशी नावे पुष्कळ आहेत आणि आपली पाटील-कुलकर्णी मंडळी त्यामानाने कमीच भेटतात. ट्यूडर काळातील सरदारांची नावे पुकारली जात असताना समोर अशी मुले रांगेत उभी असतात, हे दृश्य मला विसंगत न वाटता उलट आवडते. परंपरा कोणाच्या रक्तातून येत नसून ती रोज चालवली तरच राहते, याची ही शाळा चांगली साक्ष आहे.

प्रवेशपरीक्षेविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. ती सहावीच्या, म्हणजे इयर सिक्सच्या, सुरुवातीला सप्टेंबरमध्ये होते. इंग्रजी आणि गणित असे दोन पेपर, दोन्ही पर्यायी उत्तरांचे. कागदावर पाहता फार अवघड काही नाही. तयारीच्या पुस्तकांत सर्रास आढळणारा प्रश्न पाहा : एका डब्यात लाल आणि निळ्या गोट्यांचे प्रमाण ३:५ आहे, सहा लाल गोट्या टाकल्यावर ते ३:४ होते, तर निळ्या गोट्या किती? उत्तर ४०. शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या कोणत्याही मराठी पालकाला हे घरचे वाटेल. अडचण आहे ती वेळेची. दहा वर्षांच्या मुलाने बीजगणित न वापरता, मिनिटभरात हे सोडवून पुढे जायचे आणि पेपरभर तोच वेग टिकवायचा. असा वेग बुद्धीइतकाच सरावातून येतो. शाळा शिकवणीची शिफारस करत नाही, परीक्षेला पैसे घेत नाही आणि वयातील फरकाचा विचार करून गुण काढले जातात, हे सगळे खरे. तरीही वस्तुस्थिती अशी की बहुसंख्य मुले दोन-दोन वर्षांची शिकवणी करून येतात आणि ज्या घराला ती परवडत नाही किंवा तिची गरजच कळत नाही, त्या घरचा तितकाच हुशार मुलगा मागे राहतो. इंग्लंडभरच्या ग्रामर शाळांत गरीब घरांतील मुलांचे प्रमाण इतर शाळांपेक्षा पुष्कळ कमी असते, त्याचे एक कारण हेच. शाळेला दोष देण्यापेक्षा हा पद्धतीचा दोष म्हणावा लागेल, पण सनदेच्या गोष्टी सांगताना तो झाकूही नये.

काही मर्यादा थेट व्यवहाराच्या आहेत. शाळा केवळ मुलग्यांची आहे, सिक्स्थ फॉर्म, म्हणजे शेवटची दोन वर्षेसुद्धा. क्वीन एलिझाबेथ्स गर्ल्स स्कूल ही नावाने बहीण असलेली शाळा वेगळी असून ती प्रवेशपरीक्षा न घेणारी आहे. मुलीसाठी त्या परिसरात ग्रामर शाळा हवी असल्यास हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमधील हेन्रिएटा बार्नेटकडे पाहावे लागते आणि तिथली चढाओढही कमी नाही. दुसरे अंतराचे. हद्द नसल्यामुळे मुले लांबून येतात आणि हॅरो किंवा वेम्बलीहून रोज जाऊन-येऊन दोन तास सहज जातात. शाळेचे मित्र शनिवारी भेटायचे तर प्रत्येक जण वेगळ्या टोकाला. फी नसली तरी पालकांच्या संघटनेकडून ऐच्छिक देणगीची अपेक्षा असते आणि शाळेतील बऱ्याच सोयी अशा पैशातून उभ्या राहिल्या आहेत. ती न देणाऱ्यावर सक्ती नाही.

एक गोष्ट मात्र मोजून सांगता येत नाही. जो मुलगा प्राथमिक शाळेत नेहमी पहिला आला तो येथे वर्गात मधल्या फळीत बसतो, आणि हे काहींना मानवते, काहींना नाही. स्पर्धेने ज्याला हुरूप येतो, वाचनाची गोडी आहे, बरोबरीची मुले भेटली की जो खुलतो, त्याच्यासाठी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. जो सावकाश, आपल्या लयीत शिकतो, किंवा ज्याला चित्रकला, नाटक यांत जास्त रस आहे, त्याच्या बाबतीत केवळ नाव मोठे म्हणून ओढाताण करू नये. घराजवळची चांगली खुली शाळा त्याला अधिक फळेल आणि बार्नेटमध्ये अशा शाळांची वानवा नाही.

अर्ज करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. परीक्षेसाठी नावनोंदणी इयर फाइव्हच्या उन्हाळ्यात वेगळी करावी लागते, काउन्सिलचा अर्ज वेगळा. निकाल ऑक्टोबरमध्ये, काउन्सिलच्या अर्जाची मुदत संपण्यापूर्वी, कळतो. ती मुदत ३१ ऑक्टोबरला संपते आणि जागा १ मार्चला जाहीर होतात. लंडनच्या अर्जात सहा शाळांची नावे देता येतात आणि आपण कोणती शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली हे शाळांना कळत नाही. त्यामुळे क्यूई पहिल्या रकान्यात लिहिल्याने दुसऱ्या शाळेतली संधी जात नाही. खालचे रकाने मात्र रिकामे सोडू नयेत, आणि त्यांत निदान एका जागी चालत जाण्याच्या अंतरावरची, प्रवेश मिळण्याची खात्री असलेली शाळा अवश्य लिहावी.